हार्ड डिस्कची प्रतिमा : पूर येण्यापूर्वी करावयाचे काम

भामरागड हे गडचिरोली जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या तीन नद्यांच्या संगमाजवळ वसले आहे. गेल्या अनेक पावसाळ्यांत पर्लकोटेच्या पुलावरून पाणी वाहू लागले की आलापल्लीकडे जाणारा रस्ता बंद झाला आणि गावाचा संपर्क तुटला. २०१९ च्या पावसाळ्यात तर हा प्रसंग वारंवार आला आणि पुराचे पाणी बाजारपेठेतील घरांत व दुकानांत शिरले. जुलै २०२२ मध्ये गोदावरी आणि प्राणहितेच्या पुराने सिरोंचा तालुक्याला, तर वर्धा आणि इरई नद्यांच्या पुराने चंद्रपूर जिल्ह्याला वेढले. पाणी चढू लागले की दुकानदार धान्याची पोती माळ्यावर चढवतो, घरातली माणसे कागदपत्रांची पिशवी काखेला मारतात. टेबलाखाली ठेवलेल्या संगणकाची आठवण बहुतेक वेळा शेवटी होते.

संगणक नवा विकत मिळतो. त्याच्या आत असलेल्या हार्ड डिस्कवरील मजकूर मात्र कोणत्याही दुकानात मिळत नाही. शिवाय हार्ड डिस्क निकामी होण्यासाठी पूरच यावा लागतो असे नाही. वीज अचानक जाणे, आकाशातील वीज कोसळल्याने विद्युतदाब एकदम वाढणे, उन्हाळ्यातील उष्मा, कोळशाची धूळ, संगणकीय विषाणू, चोरी किंवा यंत्राचे वय यांपैकी एकही कारण पुरेसे असते. या सर्व संकटांवर उपयोगी पडणारा आणि फारसा खर्च नसलेला एक उपाय म्हणजे संपूर्ण हार्ड डिस्कची प्रतिमा, म्हणजेच ‘इमेज’, तयार करून ती दुसरीकडे ठेवणे. मात्र हा उपाय अर्धवट केला तर तो केवळ समाधान देतो, संरक्षण देत नाही.

तीन शब्द, तीन अर्थ

बोलण्यात ‘बॅकअप’, ‘क्लोन’ आणि ‘इमेज’ हे तीन शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. प्रत्यक्षात त्या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

फाइलींचा बॅकअप म्हणजे पत्रे, छायाचित्रे, हिशेब अशा निवडक फाइलींची दुसऱ्या ठिकाणी केलेली नक्कल. ती करणे सोपे, वेळ कमी आणि कोणत्याही संगणकावर ती उघडता येते. परंतु तिच्यात विंडोजसारखी कार्यप्रणाली नसते, इन्स्टॉल केलेली सॉफ्टवेअर नसतात, प्रिंटरची वा अंगठ्याचा ठसा घेणाऱ्या यंत्राची ड्रायव्हर सॉफ्टवेअर नसतात. संगणक बंद पडला तर हे सारे पहिल्यापासून उभे करावे लागते.

क्लोन म्हणजे एका डिस्कवरील सर्व काही दुसऱ्या डिस्कवर जसेच्या तसे उतरवणे. दुसरी डिस्क संगणकात बसवली की संगणक पूर्वीसारखाच सुरू होतो. जुनी, संथ हार्ड डिस्क काढून तिच्या जागी वेगवान एसएसडी बसवताना ही पद्धत सर्वांत सोयीची ठरते. एका क्लोनसाठी एक पूर्ण डिस्क खर्ची पडते, ही तिची मर्यादा.

इमेज म्हणजे संपूर्ण डिस्कचे फाइलींत बांधलेले गाठोडे. एका मोठ्या बाह्य डिस्कवर अनेक संगणकांच्या आणि एकाच संगणकाच्या वेगवेगळ्या तारखांच्या प्रतिमा ठेवता येतात. गरज पडेल तेव्हा योग्य ते गाठोडे नव्या डिस्कवर सोडायचे. कार्यालये, शाळा आणि सेवा केंद्रे यांच्यासाठी म्हणूनच इमेज अधिक उपयोगाची आहे.

प्रतिमा घेतली जाते ती कशी?

हार्ड डिस्कवरील माहिती सेक्टर नावाच्या लहान लहान कप्प्यांत साठवलेली असते. जुन्या डिस्कवर एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट मावत. नव्या डिस्कवर ही क्षमता ४,०९६ बाइट असते. डिस्कच्या आरंभी तिची विभागणी कशी केली आहे याची नोंद असते आणि संगणक सुरू करणारा छोटासा भाग वेगळा राखलेला असतो. ‘माय कॉम्प्युटर’ उघडून फाइली ओढून टाकल्या तर हा भाग नकलेत येत नाही. त्यामुळे संपूर्ण ‘सी’ ड्राइव्हची नक्कल करूनही नवी डिस्क संगणक सुरू करू शकत नाही. इमेजिंग सॉफ्टवेअर फाइलींच्या पातळीवर न थांबता सेक्टरच्या पातळीवर वाचन करते. विभागणीची नोंद, सुरुवातीचा भाग, लपवलेले विभाग हे सर्व त्यात येते.

वाचनाच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत डिस्कचा प्रत्येक सेक्टर, तो रिकामा असला तरी, उचलला जातो. पुसलेल्या फाइलींचे अवशेषही त्यात येतात, म्हणून गुन्ह्यांच्या तपासात ही पद्धत वापरतात. अशा प्रतिमेचा ‘हॅश’ नावाचा गणिती ठसा काढला जातो. प्रतिमेत एका अक्षराचाही बदल झाला तर ठसा बदलतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात हा ठसा नमूद करावा लागतो. दुसऱ्या पद्धतीत केवळ वापरात असलेले सेक्टर घेतले जातात आणि ते दाबून लहान केले जातात. ५०० जीबीच्या डिस्कवर १२० जीबी मजकूर असेल तर एवढाच मजकूर वाचला जातो. घर आणि कार्यालय यांच्यासाठी ही पद्धत पुरेशी आहे.

या कल्पनेचा इतिहासही जुना आहे. युनिक्स प्रणालीत १९७० च्या दशकापासून ‘डीडी’ नावाची आज्ञा आहे. ती डिस्कवरील मजकूर जसाच्या तसा दुसरीकडे उतरवते. सामान्य कार्यालयांपर्यंत ही सोय पोहोचवली ती न्यूझीलंडमध्ये १९९० च्या दशकाच्या मध्यास तयार झालेल्या ‘घोस्ट’ या सॉफ्टवेअरने. सिमॅन्टेक कंपनीने १९९८ मध्ये ते विकत घेतले आणि ‘नॉर्टन घोस्ट’ हे नाव भारतातील संगणक दुरुस्ती करणाऱ्यांच्या तोंडी इतके रुळले की प्रतिमा घेण्यालाच ‘घोस्ट मारणे’ म्हटले जाऊ लागले. २०१३ मध्ये नॉर्टन घोस्टची विक्री बंद झाली. तैवानच्या राष्ट्रीय संगणन केंद्रात विकसित झालेले ‘क्लोनझिला’ आणि वापरास अधिक सोपे असलेले ‘रेस्क्यूझिला’ ही दोन्ही साधने आज विनामूल्य आहेत. ‘मॅक्रियम रिफ्लेक्ट’ची मोफत आवृत्ती अनेकांच्या संगणकावर अजून असेल. तिला मिळणारे साहाय्य जानेवारी २०२४ मध्ये थांबले आहे.

जे पुन्हा मिळत नाही

एखाद्या संगणकाची किंमत ठरवताना त्यावरील कोणती माहिती पुन्हा मिळवता येईल आणि कोणती येणार नाही, हा प्रश्न आधी विचारायला हवा. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा राज्य शासनाने १ मे २०१८ पासून ऑनलाइन उपलब्ध करून दिला. त्याची मूळ नोंद शासनाच्या मध्यवर्ती यंत्रणेत असते. एखाद्या सेवा केंद्राचा संगणक बुडाला म्हणून शेतकऱ्याचा सातबारा बुडत नाही. मात्र या दोन जिल्ह्यांत अशीही माहिती आहे, जिची दुसरी प्रत कोणी केली नाही तर ती कोठेच नसते.

ग्रामसभांचे उदाहरण घ्यावे. वनहक्क कायदा २००६ अन्वये सामूहिक वनहक्क मिळवण्यात गडचिरोली जिल्हा देशात आघाडीवर राहिला. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. पुढे जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा बांबू आणि तेंदूपानांची विक्री स्वतः करू लागल्या. सीमांचे नकाशे, जीपीएसच्या नोंदी, ठरावांची टंकलिखिते, मजुरीचे वाटप, कंत्राटदाराशी झालेला व्यवहार हे सर्व जेथे एकाच संगणकावर असते, तेथे त्या डिस्कवर गावाच्या हक्काचा आणि पैशाचा पुरावा असतो. उद्या वाद उद्‌भवला तर तोंडी सांगून भागत नाही.

दुसरे उदाहरण जंगलाचे आहे. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात आणि आसपासच्या वनविभागांत स्वयंचलित कॅमेरे झाडांना बांधून वाघांची छायाचित्रे घेतली जातात. प्रत्येक वाघाच्या अंगावरील पट्ट्यांची रचना वेगळी असते आणि तिच्यावरून वाघ ओळखला जातो. २०१८ च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि ३ कोटी ४८ लाखांहून अधिक छायाचित्रे जमा झाली. त्यांपैकी वाघांची होती ७६,६५१. या छायाचित्रांचे मोल केवळ मोजणीपुरते नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये राजुरा परिसरात ‘आरटी-१’ आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा परिसरात ‘सीटी-१’ या वाघांना जेरबंद करण्यात आले. अनेक माणसांचा बळी घेतल्याचा ठपका असलेला वाघ नेमका कोणता, हे ठरवताना जुन्या छायाचित्रांतील पट्टेच कामी येतात. ओळख चुकली तर निरपराध वाघ पिंजऱ्यात जातो आणि गावावरचे संकट कायम राहते. एका रात्री एका पाणवठ्यावर टिपलेले छायाचित्र पुन्हा टिपता येत नाही.

तिसरे उदाहरण आरोग्याचे आहे. ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यात १९९३ ते १९९८ या काळात नवजात बालकांच्या घरोघरी काळजीचा प्रयोग केला. ३९ गावांत ही सेवा दिली गेली आणि तुलनेसाठी ४७ गावांतील जन्म-मृत्यूंची नोंद ठेवली गेली. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि पुढे देशाच्या धोरणापर्यंत पोहोचले. अशा संशोधनाचे सारे बळ त्याच्या मूळ नोंदींत असते. गेलेल्या वर्षातील जन्म आणि मृत्यू पुन्हा मोजता येत नाहीत.

या उदाहरणांतून एक भेदही स्पष्ट होतो. छायाचित्रे, नकाशे आणि नोंदी यांच्यासाठी फाइलींचा नियमित बॅकअप आवश्यक आहे. ज्या संगणकावर हे काम चालते तो लवकर उभा राहावा यासाठी इमेज आवश्यक आहे. एक दुसऱ्याची जागा घेत नाही.

अंतराचा हिशेब

मुंबई-पुण्यात संगणक बंद पडला तर तंत्रज्ञ दोन तासांत येतो. भामरागडपासून गडचिरोली शहर सुमारे पावणेदोनशे किलोमीटर दूर आहे. विंडोज पुन्हा टाकणे, लेखा सॉफ्टवेअर सुरू करणे, मराठी टंकनाची सोय करणे, प्रिंटर, स्कॅनर आणि अंगठ्याचे यंत्र जोडणे या कामांत दोन दिवस सहज जातात. दरम्यान निराधार योजनेचा अर्ज घेऊन पायी आलेली वृद्ध स्त्री परत जाते. इमेज तयार असेल तर नवी डिस्क बसवून हेच काम साधारण दीड-दोन तासांत आटोपते. त्यासाठी इंटरनेट लागत नाही, ही या भागात विशेष महत्त्वाची बाब आहे.

इंटरनेटवरील साठवणूक, म्हणजेच ‘क्लाउड’, हा पर्याय शहरात सहज सुचतो. त्याचाही हिशेब करून पाहावा. १२० जीबीची प्रतिमा सेकंदाला २ मेगाबिट या वेगाने चढवायची तर सुमारे साडेपाच दिवस अखंड जोडणी लागेल. १० मेगाबिटचा वेग मिळाला तरी सुमारे २७ तास लागतील. तीच प्रतिमा यूएसबी ३ च्या बाह्य हार्ड डिस्कवर सेकंदाला १०० मेगाबाइट या वेगाने सुमारे २० मिनिटांत उतरते. ती डिस्क एसटीने गडचिरोलीला पोहोचवणे हा जोडणी मंद असलेल्या गावातील सर्वांत वेगवान मार्ग ठरतो. इंटरनेटवर संपूर्ण प्रतिमा न चढवता केवळ दैनंदिन महत्त्वाच्या फाइली चढवाव्यात. त्या आकाराने लहान असतात.

कृती : पायरीपायरीने

प्रथम डिस्कचे आरोग्य तपासावे. प्रत्येक डिस्क आपल्या प्रकृतीची ‘स्मार्ट’ नावाची नोंद स्वतः ठेवते. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’सारखे विनामूल्य साधन ती दाखवते. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल किंवा खराब सेक्टरांची संख्या वाढत असेल तर नेहमीची पद्धत वापरू नये. अशा डिस्कसाठी ‘डीडीरेस्क्यू’ हे साधन आहे. ते आधी सुस्थितीतील भाग वाचून घेते आणि खराब भागाकडे शेवटी वळते. माहिती अमूल्य असेल तर डिस्क त्वरित बंद करून जाणकाराकडे सोपवावी.

त्यानंतर डिस्कवर बिटलॉकर हे कुलूप आहे काय ते पाहावे. नव्या लॅपटॉपवर ते अनेकदा मालकाच्या नकळत सुरू असते. नव्या डिस्कवर वा नव्या यंत्रावर विंडोज सुरू होताना ४८ अंकी किल्ली मागितली जाऊ शकते. ती आधीच कागदावर उतरवून ठेवावी. तसेच अनावश्यक फाइली पुसाव्यात आणि विषाणूंची तपासणी करावी. प्रतिमा घेताना विषाणू असेल तर तोही प्रामाणिकपणे प्रतिमेत उतरतो.

क्लोनझिला वापरायचे असल्यास ते आधी पेन ड्राइव्हवर उतरवावे आणि संगणक त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करावा. या वेळी विंडोज झोपलेले असते, त्यामुळे कोणतीही फाइल वाचनाच्या मधेच बदलत नाही. विंडोज ‘हायबरनेट’ न करता पूर्णपणे बंद केलेले असावे. पडद्यावर ‘डिव्हाइस-इमेज’ आणि ‘डिव्हाइस-डिव्हाइस’ असे दोन पर्याय दिसतात. पहिला प्रतिमेसाठी, दुसरा क्लोनसाठी. पुढे ‘सेव्हडिस्क’ म्हणजे प्रतिमा घेणे आणि ‘रिस्टोअरडिस्क’ म्हणजे प्रतिमा परत सोडणे.

सर्वांत मोठी चूक याच ठिकाणी होते. मूळ डिस्क कोणती आणि लक्ष्य डिस्क कोणती यात गफलत झाली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि वर्षांची माहिती काही क्षणांत नाहीशी होते. पडद्यावर डिस्कची नावे ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशी सारखी दिसतात. म्हणून नावावर विसंबू नये. डिस्कची क्षमता, कंपनी आणि तिच्यावर छापलेला अनुक्रमांक आधी वहीत लिहून घ्यावा आणि पडद्यावरील नोंदीशी ताडून पाहावा. शक्य असल्यास दोन माणसांनी मिळून ही पायरी पार पाडावी. काम चालू असताना वीज जाण्याची शक्यता असेल तर यूपीएस अथवा इन्व्हर्टर हवाच. महाऔष्णिक वीज केंद्रामुळे राज्याला उजेड देणाऱ्या चंद्रपुरातही वीज जाते, हे येथील वाचकांना सांगावयास नको.

प्रतिमा पूर्ण झाल्यावर ती परत सोडता येण्याजोगी आहे काय हे क्लोनझिला तपासून देते. त्यासाठी अधिक वेळ लागतो, तरीही ही पायरी वगळू नये. प्रतिमेच्या फोल्डरच्या नावात संगणकाचे नाव आणि तारीख असावी. लक्ष्य डिस्क मूळ डिस्कएवढी किंवा तिच्याहून मोठी असावी लागते, हेही ध्यानात ठेवावे.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. जुन्या संगणकावर नवी प्रणाली चढवण्यापूर्वी पूर्ण प्रतिमा घेतल्यास नवी प्रणाली मानवली नाही तरी मागे फिरता येते.

प्रत कोठे ठेवावी?

प्रतिमा घेतलेली डिस्क संगणकाशेजारच्या खणात ठेवली तर पुरात दोन्ही बुडतात आणि आगीत दोन्ही जळतात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यावरील असंख्य कार्यालयांना हा अनुभव आला. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीने, एकाच इमारतीत असलेल्या दस्तऐवजांचे काय होते, हे साऱ्या राज्याला दाखवले.

अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम येथे उपयोगी पडतो. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक प्रत दुसऱ्या गावी असावी. या दोन जिल्ह्यांसाठी ‘दुसरे गाव’ निवडताना नदीचा विचार करावा. एकाच नदीच्या काठावरील दोन गावे एकाच पुरात सापडू शकतात. भामरागडची प्रत गडचिरोलीला, सिरोंच्याची प्रत चंद्रपूरला अथवा नागपूरला ठेवणे श्रेयस्कर.

डिस्क संगणकाला कायम जोडून ठेवणे हेही धोक्याचे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने सुमारे दीडशे देशांतील संगणकांवरील फाइली कुलूपबंद केल्या. असे विषाणू संगणकाला जोडलेल्या बाह्य डिस्कवरील फाइलींनाही कुलूप लावतात. काम झाले की डिस्क काढून ठेवावी.

साठवणुकीत हवामानाकडे दुर्लक्ष करू नये. चंद्रपुरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि बंद मोटारीत किंवा पत्र्याच्या खोलीत तापमान त्याहून बरेच वाढते. डिस्क सावलीत, कोरड्या जागी, सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. पेन ड्राइव्ह आणि एसएसडी यांवरील माहिती विद्युत प्रभाराच्या रूपात असते आणि दीर्घकाळ वीज न मिळाल्यास, त्यातही उष्ण हवेत, ती क्षीण होऊ शकते. वर्षानुवर्षे कपाटात ठेवण्यासाठी साधी हार्ड डिस्क बरी. तीही अधूनमधून जोडून पाहावी.

गुप्ततेचाही प्रश्न आहे. सेवा केंद्राच्या संगणकावर नागरिकांच्या आधार कार्डांच्या आणि बँक पासबुकांच्या प्रती असतात. वन विभागाच्या छायाचित्रांसोबत वाघाच्या वावराचे नेमके ठिकाण असते, जे शिकाऱ्यांच्या हाती पडणे परवडणारे नाही. संपूर्ण प्रतिमा चोरीस जाणे म्हणजे संपूर्ण संगणक चोरीस जाणे. म्हणून प्रतिमेला सांकेतिक कुलूप लावावे आणि तिचा पासवर्ड डिस्कपासून दूर, दोन जबाबदार व्यक्तींकडे ठेवावा.

परत सोडून पाहिल्याशिवाय खात्री नाही

१९९८ मध्ये अमेरिकेतील पिक्सार स्टुडिओत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाच्या फाइली एका चुकीच्या आज्ञेने पुसल्या गेल्या. बॅकअप होता, पण तो कित्येक दिवस नीट होतच नव्हता आणि ते कोणाच्या लक्षात आले नव्हते. एका सहकारी महिलेने बाळंतपणानंतर घरून काम करण्यासाठी नेलेल्या संगणकावर एक प्रत होती, म्हणून चित्रपट वाचला. एवढ्या मोठ्या स्टुडिओची ही गत, तर लहान कार्यालयाने अधिकच सावध राहावे.

यावर उपाय एकच. वर्षातून किमान एकदा, एखाद्या जुन्या सुट्या डिस्कवर प्रतिमा परत सोडावी, ती डिस्क संगणकात बसवावी आणि संगणक सुरू होतो काय, गेल्या महिन्याचा हिशेब उघडतो काय, छपाई होते काय, हे प्रत्यक्ष पाहावे. ज्या व्यक्तीला संगणकाची फारशी माहिती नाही तिच्या हातून, लिहून ठेवलेल्या सूचनांवरून, ही चाचणी करून घेणे अधिक चांगले. पूर येईल त्या दिवशी माहितगार माणूस गावात असेलच असे नाही.

प्रतिमेच्या मर्यादाही जाणून घ्याव्यात. मे महिन्यात घेतलेल्या प्रतिमेत जूनचे काम नसते. त्यासाठी रोजच्या फाइली वेगळ्या जपाव्या लागतात. वेगळ्या जातीच्या यंत्रावर सोडलेली प्रतिमा कधी कधी सुरू होत नाही, किंवा विंडोजचा परवाना नव्याने मागते. डिजिटल स्वाक्षरीच्या यूएसबी टोकनमधील खासगी किल्ली कोणत्याही प्रतिमेत येत नाही. टोकन हरवले तर नवे प्रमाणपत्र घ्यावे लागते.

आणि इतके करूनही डिस्क पुरात बुडालीच, तर ती पुसून, वाळवून, उन्हात ठेवून पुन्हा सुरू करून पाहण्याचा मोह आवरावा. गाळ सुकला की तो तबकड्यांना चिकटतो आणि वीज दिल्यास वाचनाचा भाग त्यावर घासून उरलेली माहितीही जाते. डिस्क न उघडता, ओलसर अवस्थेतच हवाबंद पिशवीत घालून माहिती परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडे पाठवावी. हे काम नव्या डिस्कपेक्षा कितीतरी महाग पडते आणि यशाची खात्री नसते.

वर्षाचे वेळापत्रक

• दररोज : बदललेल्या महत्त्वाच्या फाइलींची प्रत, शक्य असल्यास इंटरनेटवरही.

• दर महिन्याला : बाह्य डिस्कवर संगणकाची पूर्ण प्रतिमा. मागील दोन प्रतिमा जपून ठेवाव्यात.

• मे महिन्याचा शेवटचा आठवडा : पावसाळ्यापूर्वीची प्रतिमा, परत सोडण्याची चाचणी आणि एक डिस्क नदीखोऱ्याबाहेरील गावी रवाना.

• जूनपासून सप्टेंबरपर्यंत : संगणक जमिनीवर न ठेवता टेबलावर वा उंच फळीवर. विजा चमकू लागल्यास वीज आणि केबल दोन्ही काढावे.

• दिवाळीनंतर : दूर ठेवलेल्या डिस्कची तपासणी आणि तिची नव्या प्रतिमेशी अदलाबदल.

या साऱ्याला लागते एक बाह्य हार्ड डिस्क, एक पेन ड्राइव्ह आणि महिन्याकाठी एक दुपार. तेंदूच्या हंगामाचा हिशेब मे महिन्यात संगणकावर चढतो आणि पर्लकोटेला पाणी चढते ते जुलै-ऑगस्टमध्ये. प्रतिमा घेऊन ती सुरक्षित गावी पोहोचवण्यास मधला काळ पुरेसा आहे.